‘जाते’ म्हणणारी प्रमिलावहिनी

संग्रामपूरहून येणारी सकाळची एसटी शेगावच्या स्टँडात वळली, तेव्हा मी नेहमीच्या जागी, बंद रसवंतीच्या पत्र्याखाली उभा होतो. दसरा तोंडावर आला होता. दर्शनाला आलेली माणसं पिशव्या सांभाळत उतरली, दोन शाळकरी पोरी उतरल्या, भाजीची पोती उतरली. वहिनी उतरली नाही. मी चढून आत पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या तिच्या जागेवर कुणाचं तरी मिरच्यांचं पोतं होतं. वर्षभराच्या येण्याजाण्यानं कंडक्टर आम्हाला ओळखू लागला होता. तो म्हणाला, “आज बाई फाट्यावर नव्हत्या. मी जरा थांबून बी पाह्यलं.” मी खाली उतरून फोन काढतो तोच तो वाजला. गावातल्या शेजारच्या वत्सलाबाई बोलत होत्या. “बापूभाऊ, तुम्ही इकडंच या... वहिनी उठून नाही राह्यली.” उठत नाही म्हणजे काय, असं मी उगाचच विचारलं. मला कळलं होतं. त्या दिवशी आम्हाला नेहमीप्रमाणे अकोल्याला डायलिसिससाठी जायचं होतं. ती अकोल्याची रेल्वे आमच्यावाचून गेली असेल. ज्या एसटीतून वहिनी यायची होती, तीच गाडी ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा झाल्यावर परत फिरली आणि मी तिच्यातच बसून गावाकडे गेलो.

प्रमिलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्याबद्दल पेपरात कुणी काही लिहावं असं तिनं आयुष्यात काही केलं नाही. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात तिनं वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं पिकवलं, बाजारात नेऊन विकलं, एक मुलगा वाढवला आणि आमच्या आईचं शेवटचं आजारपण काढलं. पण तिच्यासोबत परदेशात पाहिलेली एक दिवाळी माझ्या मनातून गेली नाही. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. घरात आकाशकंदील नाही, फराळ नाही... शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या ताटातलं खाताना तीच दिवाळी पुन्हा पुन्हा आठवत राहिली, म्हणून लिहायला बसलो.

ती घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. दादाचा एक पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक राहिला होता. सोयरिकी येत, चहा होई, दादा उठून आत जाऊ लागला की पाहुण्यांच्या नजरा एकमेकांना भेटत आणि पुढचं सगळं थंडावे. शेवटी बाबांच्या ओळखीतल्या एकानं बुलढाण्याकडच्या एका मुलींच्या आश्रमाचं नाव सुचवलं. तिथल्या मुलींची लग्नं आश्रमच लावून देत असे. आई आधी तयार नव्हती. “कोनाची कोन, काय माहीत,” एवढंच ती म्हणत राहिली. बाबांनी तिला सोबत नेलं आणि येताना आई गप्प झाली होती. लग्न आश्रमाच्या अंगणातच लागलं. नवरीकडून तिथल्या देखरेखीच्या बाई होत्या आणि एकसारखे झगे घातलेल्या लहान-मोठ्या मुली. पाठवणीला रडणारं कुणी नव्हतं. वहिनीही रडली नाही. बैलगाडीत बसल्यावर ती फाटकाकडे पाहत होती, एवढं मला आठवतं. आश्रम सुटत असल्याचं दुःख असेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

पहिल्या दिवाळीला गावातल्या सगळ्या नव्या सुना माहेरी गेल्या. वहिनीला माहेर नव्हतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती ताटात दिवा लावून अंगणात उभी राहिली आणि चंद्राला ओवाळू लागली. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं, हे तिला आश्रमात शिकवलेलं. आईनं ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मला हाक मारली. “हे पोट्टं काय कामाचं हाये मंग? याले ओवाळ.” मला पाटावर बसवलं. वहिनीनं ओवाळलं, मी ओवाळणीत काय टाकलं ते आठवत नाही, पण त्या दिवसापासून मी तिचा भाऊजी राहिलो नाही. ती मला ‘बापू’ म्हणायला लागली आणि अरे-तुरे करायला लागली. शेवटपर्यंत दर भाऊबीजेला, मी असेन तिथून गावी जात होतो.

तिची एक गोष्ट मात्र आईला अखेरपर्यंत खटकली. आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. शेतात जायचं असो, बाजारात असो की दूरगावी, म्हणायचं ‘येतो’. वहिनी सरळ ‘जाते’ म्हणायची. डोक्यावर टोपलं घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, “मी जाते आई.” आई कळवळून ओरडायची, “जाते काय म्हनते बाई, येते म्हन! अशुभ बोलून नाही राह्यली तू?” वहिनी मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘जाते’. आश्रमात हे बोलायचं वळण कोण लावणार, म्हणून आईनं पुढे नाद सोडला. आम्हीही सोडला.

गावात तिच्यामागे ‘आश्रमातली’ हा शब्द काही वर्षं फिरला, मग तिच्या कष्टांखाली तो दबून गेला. आश्रमाबद्दल ती स्वतः कधी बोलली नाही. मुलगा झाला, प्रशांत. त्याला सांगितलेलं एवढंच, की आईचे आईवडील लवकर गेले. प्रशांत अकोल्याला कृषी शिकला, पुण्याकडे फुलांच्या हरितगृहात नोकरीला लागला आणि तिथून केनियाला गेला. तिथे नैवाशा नावाच्या गावात एका मोठ्या तळ्याच्या काठी मैलोगणती गुलाबांची शेती आहे आणि आपल्याकडची बरीच मुलं त्या कामावर आहेत. दादा किडनीच्या दुखण्यानं गेला. आमच्या भागातल्या खाऱ्या पाण्यानं असं अनेक घरांतलं माणूस नेलं आहे. दादा गेल्यावर वहिनी गावात एकटीच. प्रशांत दर फोनला म्हणायचा, आई, इकडं ये. ती म्हणायची, मले इमानात कोन बसवते. शेवटी माझी निवृत्ती झाली, तेव्हा तो मलाच म्हणाला, “काका, तुम्ही घेऊन या तिला. दिवाळी इथंच करू.” माझी पत्नी सुधा गुडघ्यांमुळे आली नाही. मी आणि वहिनी निघालो. शेजारीपाजारी निरोप द्यायला जमले होते. वहिनी सगळ्यांना म्हणाली, “जाते मी.” वत्सलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

नैवाशाला ढगाळ, थंड हवा होती. प्रशांतचं बंगलेवजा घर, बायको मेघा, आणि सभोवती प्लास्टिकच्या पांढऱ्या छतांखाली न संपणारे गुलाब. वहिनीनं पहिल्याच दिवशी एक फूल नाकाशी नेलं आणि म्हणाली, “याले वासच नाही रे.” प्रशांत हसला. विकायच्या फुलाला वास नसतो म्हणाला, टिकायला पाहिजे फक्त. ती तिथे रमली मात्र. मेघाला घेऊन चकल्या केल्या, अनारसे केले. घरकामाला येणाऱ्या बाईशी खुणांनी बोलत दोन-चार शब्दही शिकली. धन्यवादाला ‘असांते’, नाहीला ‘हपाना’. त्या बाईनं पुन्हा पुन्हा चहा पुढे केला, की वहिनी हात हलवून ‘हपाना, हपाना’ म्हणायची आणि दोघी हसायच्या. आसपासची नाशिकची, सांगलीची मराठी कुटुंबं लक्ष्मीपूजनाला एकत्र जमली. वहिनीचं ‘मले-तुले’ ऐकून बायका गालात हसल्या, पण तिच्या अनारशांपुढे सगळ्यांनी हात जोडले. तिथंच दुसऱ्या दिवशीचा बेत ठरला. पाडव्याला ही सगळी मंडळी गावाबाहेरच्या अनाथ मुलांच्या एका आश्रमात जात. फराळाची पाकिटं, फुगे, खेळ, मुलांची गाणी... प्रशांतनंच काही वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो मोठ्या उत्साहानं आईला सांगत होता. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, “कायले जाता तिथं?”

“म्हणजे काय आई? त्या लेकरांची बी दिवाळी होते.”

“त्यायची कुठं दिवाळी असते?”

“आपली असते ना. आपण देतो.”

ती ताटं उचलायला लागली. मला वाटलं, ती येणार नाही. पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसलेली होती. साधं पातळ नेसली होती. मेघानं काढून दिलेलं जरीचं नेसली नाही.

आश्रम म्हणजे पत्र्याच्या छपरांच्या तीन-चार लांबट खोल्या, मध्ये तांबड्या मातीचं अंगण, निलगिरीची झाडं आणि कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेले छोटे छोटे कपडे. आम्ही पोचलो तेव्हा मुलं रांगेत उभी होती. निळे स्वेटर, बारीक कापलेले केस, मुलगा कोण, मुलगी कोण, पटकन कळत नव्हतं. किती वेळची उभी होती देव जाणे. पाऊस येऊन गेला होता आणि त्यांच्या पायांना चिखल होता. आमच्या गाड्या थांबताच त्यांनी गाणं सुरू केलं. आमच्या मंडळींनी कापडी फलक धरला, फोटो झाले, पाकिटं वाटणं सुरू झालं. प्रशांत वहिनीच्या हातात पाकिटं देत म्हणाला, “आई, तू दे ना.” तिनं हात मागे घेतले. “तूच दे,” म्हणाली आणि वळून सरळ मागच्या बाजूला, धूर निघत होता तिकडे गेली. मीही गेलो. तिथे दोन बायका मोठ्या पातेल्यात मका आणि घेवडा शिजवायच्या तयारीला लागल्या होत्या. वहिनीनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, एका पाटीसमोर फतकल मारून बसली आणि घेवड्याच्या दाण्यांतले खडे निवडायला लागली. त्या बायकांनी आधी नको नको केलं, मग राहू दिलं.

थोड्या वेळानं एक मुलगी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. हातात फराळाचं पाकीट तसंच, न उघडलेलं. वांजिरू तिचं नाव, हे मागाहून कळलं. ती वहिनीच्या बांगड्यांकडे पाहत होती. वहिनीनं वर न पाहता थोडं सरकून जागा केली. मुलगी बसली. वहिनीनं मूठभर दाणे तिच्यापुढे लोटले. आणि त्या दोघी निवडत राहिल्या. अंगणात संगीत खुर्ची चालू होती, टाळ्या, शिट्ट्या, माझ्याच माणसांचे मोठे आवाज. इकडे या दोघींमध्ये एकही शब्द नाही. एकदा मुलीनं एक दाणा खडा समजून टाकला, वहिनीनं तो उचलून दाखवला, तशी ती हसली. एकदा मुलीनं तिचा हात धरून हातावरचं गोंदण बोटानं पुसून पाहिलं. मग तिला ‘शोशो’ म्हणू लागली. शोशो म्हणजे आजी, असं स्वयंपाकाच्या बाईनं मला इंग्रजीत सांगितलं. मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “मले कळलं ते.” प्रशांतला मूल नव्हतं. वहिनीला तोपर्यंत कुणी आजी म्हटलेलं नव्हतं.

निघायची वेळ झाली. मुलं गाड्यांभोवती जमली. आमची मंडळी हात हलवत, गालगुच्चे घेत सांगत होती, पुन्हा येऊ, लवकर येऊ. मनापासूनच म्हणत असणार. वहिनी गाडीजवळ आली तेव्हा वांजिरू तिच्या पदराचं टोक धरून सोबत आली होती. तिनं वर पाहून काहीतरी विचारलं. प्रशांत म्हणाला, “विचारून राह्यली, शोशो परत कधी येणार?”

वहिनी थांबली. “तिले सांग, मी नाही येनार.”

“आई...”

“मी येनार हाये काय पुन्हा? मले येनं होते काय इतक्या दूर?”

“पण म्हणायला काय जाते? लहान हाये ते. येईन म्हण, झालं.”

“तू सांग तिले.”

प्रशांतनं वाकून मुलीला काहीतरी सांगितलं. मुलीचा चेहरा उजळला. वहिनीला भाषा येत नव्हती, पण तेवढ्यावरून तिला कळलं. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूच मान हलवून म्हणाली, “हपाना.” मग पुन्हा एकदा, जरा स्पष्ट. “हपाना, बाई.”

मुलीनं पदर सोडला. ती रडली नाही. वहिनीकडे थोडा वेळ पाहत राहिली, मग वळली आणि खोलीच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसली. पाकीट तिच्या बाजूला ठेवलं होतं. आमची गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. वहिनी मात्र काचेतून तिच्या पाठीकडे पाहत होती.

 घरात पाऊल टाकल्यावर प्रशांतचा बांध फुटला. “सणाच्या दिवशी एका लेकराचं मन मोडलं तू, आई. सगळ्यांसमोर. काय मिळालं तुले?”

वहिनी खुर्चीवर बसली. तिनं पाणी मागितलं, प्यायली. मग जे बोलली त्यातलं बरंचसं तिनं दादालाही कधी सांगितलं नसावं. “मी आश्रमातली हावो प्रशांत. तुले कोनी सांगतलं नाही. माह्यं नाव बी तिथल्याच बाईनं ठेवलं.” प्रशांत माझ्याकडे पाहायला लागला. मी मान खाली घातली. “दर दिवाळीले लोक येत. आमाले सकाळपासून आंघोळी करून उभं करत. फराळ समोर असे, पन पाहुने आल्याबिगर हात लावाचा नाही. मंग गानं म्हना. मंग हात जोडा. एका दिवाळीले जीपमधून एक बाई आली. जांभळं लुगडं होतं. तिनं मले मांडीवर घेतलं. मले कोनी मांडीवर घेतल्याचं तेवढंच याद हाये. जाताना म्हने, पुढच्या दिवाळीले येते, तुले घरी घेऊन जाते सुट्टीले. येते म्हने.”

 मेघा तिच्या पायाशी येऊन बसली होती.

“मी वाट पाह्यली. पुढच्या दिवाळीले नाही आली. त्याच्या पुढच्या बी नाही. रस्त्यानं जीप गेली का मी फाटकापाशी. पोरी चिडवत, आली पाह्य तुही बाई. मोठी झाली, समजू लागलं, तरी बी डोळे तिकडंच जात. लग्न लागलं त्या दिवशी बी... बैलगाडीत बसली अन् फाटकाकडं पाह्यलं. म्हनलं, आज आली तं चुकामूक व्हईन.” मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “त्या पोरीच्या मांग मी ते नाही लावनार.”

प्रशांतनं पाण्याचा रिकामा पेला तिच्या हातातून घेतला. मग त्यानं विचारलं, “मले आधी काऊन नाही सांगितलं?”

“सांगून काय कराचं होतं?”

तो बाहेर निघून गेला आणि तळ्याच्या बाजूला कितीतरी वेळ उभा राहिला. मी ओट्यावर बसून होतो. बैलगाडीतून फाटकाकडे पाहणारी नवी नवरी मला इतक्या वर्षांनी पुन्हा दिसत होती, आणि आईचं ते ओरडणं... जाते काय म्हनते बाई, येते म्हन. तो एक शब्द वहिनीच्या तोंडून का निघत नव्हता, ते त्या परक्या मुलखात माझ्या लक्षात आलं. आई तेव्हा हयात नव्हती. असती, तर तिला सांगितलं असतं.

आम्ही परतलो. प्रशांत त्यानंतर त्या आश्रमात गेला नाही. बाकीची मंडळी दर पाडव्याला जात राहिली, तो काही ना काही काम काढून मागे राही. वहिनी दिवाळीच्या फोनवर एकच विचारायची, “त्या पोरीकडं कोनी गेलतं काय?” तो म्हणायचा, “गेले असतीन, विचारतो.” पुढे काही सांगायचा नाही. मग वहिनीचे पाय सुजायला लागले, तोंड सुजायला लागलं आणि दादाच्या वेळेला जे सगळं पाहिलं होतं ते पुन्हा सुरू झालं. आठवड्यातून दोनदा अकोला. ती एसटीनं शेगावला यायची, मी तिला रेल्वेनं न्यायचो, परत यायला दुपार टळून जायची. त्या दिवशी ती शेगावला आमच्याकडे मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी गावी. इथंच राहा म्हटलं तर ऐकायची नाही. वांग्यांना पाणी कोण देईल, म्हणायची. शेवटी शेवटी वांगी नव्हतीच, पण ती जायची. प्रशांत दोनदा येऊन गेला. घेऊन जातो म्हणाला, पण तिकडे हा इलाज नेमका कसा होणार, आणि विमानात ती बसणार कशी, यात ते राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी, अकोल्याहून आल्यावर, ती आमच्या पुढच्या खोलीत पडली होती. मी पेपर वाचत होतो. तिला झोप लागली असावी असं वाटत होतं. डोळे मिटूनच ती म्हणाली, “बापू, मी चुकली काय रे?”

“कायच्यात?”

“त्या पोरीले मी नाही म्हनलं.”

मी पेपर बाजूला ठेवला. “तू खरं ते बोलली वहिनी. खोटी आस लावली नाही.”

“हाव, खरं बोलली.”  डायलिसिसनंतर बोलताना तिला दम लागायचा. “पन मी इचार करून राह्यली... माह्यं सारं लहानपन त्या बाईची वाट पाहन्यात गेलं. पन गेलं ना. सरलं तं सही. पोरी रातच्या रडत, मी नाही रडो. मले वाटे, माह्यं कोनी हाये, येऊन राह्यलं हाये. ते नसतं तं मी कशावर दिवस काढले असते? ते बाई खोटं बोलली, पन मले काहीतरी देऊन गेली. अन् मी त्या लेकराजवळून ते बी घेऊन आली.”

मी मुलांना शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. मी एवढंच म्हणालो, “असं नोको आनू मनात.” ती हसली. “मनात आननं आपल्या हातात असते काय? खरं बोलनं सोपं होतं रे. मी बोलली अन् घरी येऊन जेवली. तिचं काय झालं असन त्या दिवशी...” मग भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

ती गेली तेव्हा प्रशांतला यायला वेळ लागला. आम्ही थांबलो नाही, अग्नी मीच दिला. तो दुसऱ्या दिवशी पोचला, सावडायला होता, तेराव्यापर्यंत राहिला. घराला कुलूप लावलं आणि तो परत गेला. जाण्यापूर्वी मी त्याला ती दुपारची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, हा प्रश्न पडला होता. पण ती त्याची आई होती.

पाडव्याला त्याचा फोन आला. तो एकटाच त्या आश्रमात गेला होता. वांजिरू तिथे नव्हती. मधल्या वर्षांत तिची कोणी मावशी येऊन तिला दूर डोंगराकडच्या गावी घेऊन गेली, एवढंच कळलं. ती कशी आहे, शिकते का, कुणाला माहीत नव्हतं. तिथल्या आधीच्या बाई बदलून गेल्या होत्या. नव्या बाईंना कुणी हिंदुस्थानी म्हातारी दाणे निवडत बसली होती, हे सांगून काही उपयोग नव्हता. पाहुणे पुष्कळ येतात, त्या म्हणाल्या. प्रशांत त्या पायरीवर जरा वेळ बसला. तेवढ्यात एक लहान मुलगी जवळ आली, त्याच्या घड्याळाशी खेळली आणि तो उठल्यावर तिनंही तेच विचारलं... परत कधी येणार?

“काय सांगितलं तू?” मी विचारलं.

 “काहीच नाही बोलता आलं काका,” तो म्हणाला. “हो बी नाही अन् नाही बी नाही. तशीच सोडून आलो.”

आता कार्तिक संपत आला आहे. वहिनी आमच्याकडे यायची ते वार ठरलेले होते. परवा त्यातला एक वार होता. मी सकाळी उठून आंघोळ करून बसलो आणि मग आठवलं, की कुठे जायचं नाही. सुधानं दोडक्याची भाजी टाकली होती. दुपारी आम्ही जेवायला बसलो, तर ओट्यावर एक लहान वाटी झाकून ठेवलेली दिसली. वहिनीला मीठ बंद होतं. त्यामुळे मीठ टाकायच्या आधी तिच्यापुरती भाजी काढून ठेवायची, हा वर्षभराचा शिरस्ता. सुधाच्या हातानं तो त्या दिवशीही पाळला होता. तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिनं झाकण काढलं आणि ती वाटीकडे पाहत उभी राहिली. भाजी टाकून देववेना. मी म्हटलं, आण इकडं. ताटात वाढून घेतली आणि खायला लागलो. सुधानं मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं नाही.